पाचशे ठिपके

कोळसा घासायला चार कागद लागतात.
पहिला खरखरीत, मांजराच्या जिभेसारखा,
शेवटचा इतका मऊ की बोटाला कळत नाही
घासतोय की पुसतोय.
मग कापडावर पांढरी भुकटी, पाण्याचे दोन थेंब,
आणि गोल, गोल, गोल.
बावीस वर्षं हेच करतो मी,
गफूर तडवी, प्रयोगशाळा परिचर,
राहणार जळगाव, गाव सातपुड्याच्या पायथ्याला.

फालक मॅडम नव्या होत्या तेव्हा म्हणाल्या,
आरसा करा त्याचा.
कोळशाचा आरसा!
मी हसलो.
मग मे महिना आला, रेझिन वाटीतच दगड व्हायला लागलं,
लाइट गेलेली, पंखा थंड,
आणि हातातल्या वडीत
मला माझ्याच कपाळावरचा घाम दिसला.

इथला नाही हा कोळसा.
खानदेशाखाली नुसता काळा कातळ,
गोधडीवर गोधडी घालावी तसा लाव्ह्यावर लावा,
आणि त्याच्याही खाली काय निजलंय
ते बोअरवाल्यालासुद्धा सांगता येत नाही.
आमचा माल वर्धेकडून येतो, पोत्यातून,
नंबराची चिठ्ठी सुतळीला बांधलेली.
तसलाच दीपनगरला जातो, वाघिणीमागून वाघिणी.
मेहुणा तिथे राखेच्या पाइपावर आहे.
म्हणतो, आम्ही रात्रीतून डोंगर जाळतो,
तुम्ही चिमूट घेऊन महिना महिना बसता?
बसतो.

मॅडम भिंगाखाली तेलाचा थेंब सोडतात
आणि मोजायला लागतात.
एका वडीवर पाचशे ठिपके, ठिपक्याला एक टिक.
करडं ते लाकूड.
काळपट ते पानांची साल, बीजाणू.
पांढरं, भोकाभोकाचं, ते जळालेलं.
शेलमध्ये तर सगळा चिखलच,
शंभरात दोन वाटे कधीकाळी जिवंत असलेले.
निळा दिवा लावला की तेवढेच पिवळे पेटतात,
अंधाऱ्या चक्कीत बेसन उडावं तसे.

मी अडकलो तो पांढऱ्यावर.
जळालं कधी?
माणूस नव्हता तेव्हा. वीज पडली असेल रानावर.
विझवलं कोणी?
मॅडमनी डोळा भिंगावरून काढला.
हे कुठल्याच पेपरात नाही, गफूरभाऊ.

त्या बुधवारी घरी भरीत होतं.
बामणोदची वांगी, अंगणात पऱ्हाटीचा जाळ,
नजमा काट्या मागेपुढे सारत बसलेली.
सकाळी राखेतून मी एक काळं कांडकं उचललं,
डब्याच्या झाकणात लपवून आणलं.
रेझिन, चार कागद, कापड, भुकटी.
नंबर न घालता वडी रांगेत ठेवून दिली
आणि काचा पुसत राहिलो.

टिक. टिक. टिक.
मग टिक थांबली.
गफूरभाऊ, ही कुठली खाण?
मी म्हटलं, चूल.

रागावतील वाटलं होतं.
त्यांनी मला स्टुलावर बसवलं.
पांढरी जाळी, पेशीला पेशी चिकटलेली,
मधमाश्यांनी सोडलेलं पोळं जणू.
शेजारी वर्धेची सतरा नंबरची वडी सरकवली,
तिच्यातही तेच पोळं, थोडं चेपलेलं.
कितीतरी वेळ मला फरक सापडेना.

मग मॅडमनी चकाकी मोजली.
जेवढी आग तापलेली, तेवढा उजेड जास्त परततो.
चारशे दहा अंश, म्हणाल्या, दहावीस इकडेतिकडे.
वहीत रीतसर ओळ भरली.
खाण: चूल. थर: सगळ्यात वरचा.
वय: बुधवार.

रात्री नजमाला सांगितलं.
ती लसूण सोलत होती, मान वर केली नाही.
मग? जाळ मोठा केला तर साल करपते
आणि गर कच्चा राहतो.
एवढ्यासाठी मशीन लागतं का?
आणि माझ्या नखांकडे बघून म्हणाली,
हात धुऊन ये आधी.